नवापूरच्या अंगणातली कोंबडी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या घरी चार कोंबड्या आल्या आणि त्यांच्यापायी मला दिवाळीच्या सुट्टीत थेट नवापूर गाठावे लागले. कोंबडीसाठी कुणी दोनशे किलोमीटर जाते का, असे आमच्या 'ह्यांनी' तेव्हा विचारलेच होते. तुम्हीही मनात म्हणाल. म्हणून आधी त्या चौघींची हकिगत सांगते.

नाशिकला आमच्या घरामागे लहानसे अंगण आहे. सासूबाईंचे माहेर सटाण्याकडचे. तिथे त्यांच्या लहानपणी दारात कोंबड्या असत. हल्ली त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, पण एक इच्छा त्या वारंवार बोलून दाखवत. "एकदा खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि मागे पिल्लांची रांग अशी नातवंडांना दाखवायची आहे गं." एवढीशी तर इच्छा! एके दिवशी मोटारसायकलवर पिंजरा बांधलेला एक विक्रेता दारावर आला. "अस्सल गावरान" म्हणाला. कोंबड्या तांबड्या होत्या, पांढऱ्या नव्हत्या. मला वाटले, पांढरी नाही म्हणजे गावरानच. त्याने सांगितलेल्या किमतीत थोडी घासाघीस करून मी चार घेतल्या.

सासूबाईंनी एकीला उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "फार जड आहे गं ही." मी म्हटले, "खाऊनपिऊन सुखी असेल." त्या गप्प बसल्या.

कोंबड्यांनी अंडी मात्र भरभरून दिली. जवळजवळ रोज एकेक, मोठाली, तपकिरी. पण श्रावण गेला, गणपती झाले, दसरा झाला तरी एकही खुडूक होईना. अंडे घातले की उठायचे आणि दाणे टिपायला जायचे. मागे वळूनसुद्धा पाहायचे नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "बसली का गं?" मी रोज सांगायची, "नाही बसली." शेवटी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती नवापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती हसली आणि म्हणाली, "ताई, तू इकडे ये. खरी गावठी कोंबडी कशी असते ते दाखवते."

नाशिकहून सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर करत एस.टी. निघाली. सटाण्यापर्यंत कांदा आणि डाळिंबे. पिंपळनेर सोडले की चरणमाळचा घाट लागतो आणि मुलूखच बदलतो. दोन्ही बाजूंना साग, मध्येच मोहाची झाडे, उतारावर कापणीला आलेला भात. घाट उतरला की नंदुरबार जिल्हा सुरू होतो. घरे कुडाची, वर कौले, अंगण शेणाने सारवलेले आणि जवळजवळ प्रत्येक अंगणात कोंबड्या. गावीत, मावची, कोकणी, भिल्ल अशा आदिवासी समाजांची ही वस्ती. रंगावली नदीकाठचे नवापूर हे त्यांचे बाजाराचे गाव.

बहिणीने पहिल्याच संध्याकाळी मला नवापूरचे रेल्वे स्टेशन दाखवायला नेले. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. तिकीट काढायचे महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांना भेटायचे तर गुजरातेत! फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा रंगवलेली आहे. आम्ही दोघी बहिणी एकेका राज्यात बसून चहा प्यायलो. बहीण म्हणाली, "इथली कोंबडी पण अशीच आहे बघ. दोन्ही राज्यांची."

तेव्हा पहिल्यांदा मी 'बुसरा' हे नाव ऐकले. हरियाणात कर्नाल येथे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. देशातल्या गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या देशी जातींची नोंद तिथे होते. त्या यादीत कोंबड्यांमध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथ आहे, झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली असील आहे, अंदमान-निकोबारची आखूड पायांची निकोबारी आहे. तिथेच गुजरात आणि महाराष्ट्र असा दोघांच्या नावाने बुसरा आहे. तिचा मुलूख म्हणजे हाच, पश्चिम खानदेश आणि लागून असलेला गुजरातचा पट्टा. आपल्या राज्याची म्हणून नोंदलेली कोंबडी असते हे मला पदवी घेऊनही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी बहीण मला तिच्या एका विद्यार्थिनीच्या घरी, पाड्यावर घेऊन गेली. घरात आजी, त्यांची सून आणि नात. आजी मावचीत बोलत, बहीण मला मराठीत सांगे. मधूनमधून आजीच मराठीचे चार शब्द घालत. मी मोबाइलवर माझ्या चार तांबड्यांचा फोटो दाखवला. आजींनी तो लांब धरला, जवळ धरला आणि एका नखाने कोंबडीच्या चोचीवर टकटक केले. "हिची चोच कापलेली आहे."

मी पाहिले. खरेच, वरची चोच खालच्यापेक्षा आखूड आणि बोथट होती. पाच महिने रोज दाणे टाकत होते, पण लक्षात आले नव्हते. मोठ्या पोल्ट्रीत हजारो कोंबड्या दाटीने असतात. त्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच चोचीचे टोक कापतात. दारात वाढलेल्या कोंबडीची चोच कोण कापणार? चोचच नसेल धड तर ती माती कशी उकरणार आणि किडे कसे टिपणार? माझ्या 'अस्सल गावरान' कोंबड्या कुठल्यातरी पोल्ट्रीतून आल्या होत्या एवढे त्या एका टकटकीने ठरले.

मग आजींनी त्यांची कोंबडी पकडली आणि शाळेतल्या बाईंना शिकवावे तसे मला शिकवले. मी आजवर कोंबडीचा रंग बघत होते. आजी रंग सगळ्यात शेवटी बघतात. त्यांचा क्रम मी वहीत उतरवून घेतला, त्यात पुढे वाचून काही भर घातली. मैत्रिणींनो, कोंबडी घेताना तुम्हालाही उपयोग होईल.

आधी हातात घेऊन वजन बघायचे. बुसरा कोंबडी किलोच्या आसपास भरते, कोंबडाही सव्वा किलोच्या पुढे फारसा जात नाही. अंग आटोपशीर, नजर सतत भिरभिरती. हातात धरली की निसटायलाच बघते. सासूबाईंचे "फार जड आहे गं" मला तिथे आठवले आणि मनातल्या मनात मी त्यांची माफी मागितली. डोळ्यांनी दिसत नसून त्यांनी तांबडीला पहिल्याच दिवशी ओळखले होते.

मग तुरा. बुसराचा तुरा एकेरी, करवतीसारखा दातेरी, लाल आणि लहान ते मध्यम आकाराचा. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचा तुरा इतका मोठा वाढतो की एका बाजूला कलंडतो. असीलचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, मटारचे दाणे ओळीने बसवल्यासारखा. शिवाय असीलची मान लांब, पाय मजबूत आणि उभे राहणे पहिलवानासारखे ताठ. ती एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

तिसरी कानाची पाळी. कोंबडीला कानाची पाळी असते हे मला माहीत नव्हते! गालामागे छोटीशी कातडी असते ती. लेगहॉर्न ही मूळ इटलीची, तिची पाळी पांढरी आणि अंडेही पांढरे. ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेतली, तिचा रंग गडद तांबडा, पाय पिवळे, पाळी लाल आणि अंडे तपकिरी. पाळीवरून अंड्याचा रंग बराचसा सांगता येतो, मात्र प्रत्येक जातीत हे जमेलच असे नाही. माझ्या चौघी तांबड्या, पाळी लाल, पाय पिवळे, अंडी मोठी आणि तपकिरी. त्यांचे घराणे कुठले ते आता तुम्हीच ओळखा.

चौथे पाय, चोच आणि तोंड. चोच अखंड हवी. कडकनाथ म्हणून कुणी काळी कोंबडी पुढे केली तर नुसती काळी पिसे पाहून भुलू नये. चोच उघडून जीभ बघावी, पायाच्या नळ्या बघाव्यात. कडकनाथचा काळेपणा कातडीत, जिभेत, मांसातसुद्धा उतरलेला असतो. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. "काळे अंडे" म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे जावे.

आणि सगळ्यात शेवटी रंग. बुसराच्या अंगावर बहुधा पांढरी पिसे जास्त, मान, पाठ आणि शेपटीत काळी मिसळलेली, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस तपकिरी झाक. पण एकाच आईच्या पिल्लांत दोन सारखी निघतीलच असे नाही. म्हणून रंग शेवटी. शिवाय पिल्लांचा रंग तर मोजायचाच नाही. पाच-सहा महिन्यांची तलंग झाली, तुरा भरला, की मगच ओळखायला बसायचे.

रंग फसवतो याचे एक कारण आजींच्या सुनेने दाखवले. घराच्या मागच्या बाजूला जाळीच्या खुराड्यात तिची आठ-दहा 'वनराजा' जातीची पिल्ले होती. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केली. तशीच 'गिरिराजा' बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने. दोन्ही परसातल्या कोंबडीपालनासाठीच केलेल्या, आणि मुद्दाम रंगीबेरंगी. पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते आणि गावात लोकांना रंगीतच आवडते, म्हणून. हेतू चांगलाच आहे, पण त्यामुळे रंग बघून गावठी ओळखणाऱ्या माझ्यासारखीची पंचाईत होते! त्यांचे वजन मात्र लपत नाही. वनराजाचा मोठा कोंबडा तीन किलोच्या पुढे जातो.

या खुराड्यावरून सासूसुनेचे चालले होते ते माझ्या लक्षात आले. सून बचतगटात आहे. तिचे म्हणणे साधे होते. "आईची कोंबडी वर्षाला चाळीस-पन्नास अंडी देते. ही शंभराच्या वर देते. पोरीला पुढे शिकवायचंय, पैसा लागतो." यात खोटे काय आहे? मला तर तिचेच पटत होते. मी आजींना म्हटले, "मग सगळ्या याच का नाही पाळत?"

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग जे सांगितले ते बहिणीने मला हळूहळू सांगितले.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला, तो याच नवापूर तालुक्यात. वर्तमानपत्रांत तेव्हा नवापूरचे नाव रोज येई. इथे मोठमोठ्या पोल्ट्री आहेत, तिथल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. साथ पसरू नये म्हणून आसपासच्या गावांतली अंगणेही रिकामी केली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसे पाड्यावर आली. कुणी कोंबड्या पाटीखाली झाकल्या, कुणी रानात नेल्या. आजींनी आपल्या बावीसच्या बावीस स्वतः पकडून दिल्या. घरात तान्हे मूल होते. "आजार कोंबडीला आहे का नाही मला काय कळणार? मूल तर माझंच होतं."

त्यानंतर काही महिने अंगणात कोंबडा आरवला नाही. पहाट झाली हे कळायचेच नाही, असे आजी म्हणाल्या.

मग ही कोंबडी कुठून आली? आजींची मुलगी साक्री तालुक्यात दिलेली आहे, नवापूरपासून बरीच लांब. तिच्या लग्नात आजींनी एक कोंबडा आणि दोन कोंबड्या दिल्या होत्या. त्यांचा विस्तार तिकडे झाला होता. बंदी उठल्यावर मुलगी माहेरी आली ती डोक्यावर डालगे घेऊन. त्यात एक कोंबडा आणि दोन कोंबड्या होत्या. जेवढे दिले होते तेवढेच परत आले. आजच्या अंगणातल्या साऱ्या त्यांच्याच लेकी-नाती. पुढे २०२१ मध्येही नवापूर भागात पुन्हा बर्ड फ्लू आला. तेव्हा त्यांच्या पाड्यापर्यंत पोचला नाही, पण त्याआधीच आजींनी चार घरी जोड्या देऊन ठेवल्या होत्या.

"या मोठ्या कोंबड्या गेल्या तर सरकार पुन्हा पिल्लं देईल," आजी म्हणाल्या. "आमची गेली तर कोण देईल?"

सून मान खाली घालून ऐकत होती. मग तीच म्हणाली, "म्हणून तर मी जाळीत ठेवते." मला नंतर उलगडले. दोघींनी मिळून एक तोड काढली होती. वनराजाचे कोंबडे मोठे झाले की लगेच बाजारात विकायचे. अंगणात मोकळा फिरणारा कोंबडा फक्त आजींचा. वनराजा कोंबड्या जाळीत अंडी घालतील, ती विकायची. त्या खुडूक होत नाहीत आणि त्यांच्या अंड्यांतून काढलेली पिल्ले आईसारखी निघत नाहीत, म्हणून दर वेळी पिल्ले नवी आणायची. आजींच्या कोंबड्या मात्र आपल्या आपण बसतील, उबवतील, घारीपासून पिल्ले राखतील. मिसळ होऊ द्यायची नाही, एवढेच पथ्य. नुसत्या दिसण्यावरून जात ओळखता येते ती कुणीतरी अशी राखलेली असते म्हणून. हे मला त्या जाळीपाशी कळले.

निघताना मी आजींना एक कोंबडी विकत मागितली. त्यांनी मान हलवली. "एकटी नेऊन काय करशील? तिची अंडी खाशील आणि एक दिवस ती संपेल." मी खजील झाले. तेवढ्यात त्यांनी सुनेला हाक मारली आणि डालग्यात एक तलंग आणि एक कोवळा कोंबडा बांधून दिला. पैसे घेईनात. बहिणीकडून म्हणाल्या, "नाशिक लांब आहे. इथे पुन्हा साथ आली तर मी तुझ्याकडून मागून घेईन."

संक्रांतीला आपण हळदीकुंकवाचे वाण देतो. कधी प्लास्टिकचा डबा, कधी गाळणी. बियाण्यालाही आपण वाणच म्हणतो. त्या दिवशी हातात आलेले ते वाण मी फार जपून घरी आणले. एस.टी.त कंडक्टरने डालग्याचे तिकीट फाडले, तेही जपून ठेवले आहे.

घरी आल्यावर नव्या जोडीला तीन-चार आठवडे वेगळे ठेवले. बाहेरून आणलेली कोंबडी जुन्यांत लगेच सोडू नये, एखादा आजार आलाच तर साऱ्यांना लागतो. पुढे माघात तलंग अंड्यावर आली. तांबड्यांची अंडी मोठी आणि गडद, हिची लहान आणि फिकट, त्यामुळे गोंधळ होण्याचे कारण नव्हते. लहान अंडी तेवढी बाजूला ठेवत गेले. चौदावे अंडे घातल्यावर एक दिवस ती उठेना. हात जवळ नेला तर पिसे फुलवून गुरगुरली.

मी धावत सासूबाईंकडे गेले. म्हटले, "बसली!"

त्या काठी टेकत अंगणात आल्या. मी तिच्याखाली नऊ अंडी सरकवली. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली. सासूबाईंनी एकेक पिल्लू तळहातावर घेतले, बोटाने पाय चाचपला, चोच चाचपली. "हं," एवढेच म्हणाल्या. नातवंडे भोवती उड्या मारत होती आणि पिल्ले आईच्या मागे रांगेने तुळशीवृंदावनाला फेरी घालत होती.

आता ती सातही मोठी झाली आहेत. दोन पांढरी-काळी, एक जवळजवळ तांबूस, बाकीची काबरी. रंगाने एकही दुसरीसारखी नाही, पण तुरा, वजन आणि तिरकी नजर बघाल तर साऱ्या एका आईच्या. एक जोडी मी सटाण्याला सासूबाईंच्या भाचीकडे पाठवली, दुसरी एका मैत्रिणीच्या मळ्यावर. दोघींनाही देताना सांगितले की यांच्यात दुसरा कोंबडा मिसळू देऊ नका, आणि नवापूरहून कधी निरोप आला तर एक जोडी परत द्यावी लागेल.

तांबड्या चौघी अजून आहेत. अंडी भरपूर देतात, त्यांच्यावर माझा राग नाही. राग असलाच तर माझ्या घाईवर आहे. पांढरी नाही एवढे पाहिले आणि पैसे काढले. आता दारावर कुणी "अस्सल गावरान" म्हणून हाक दिली की मी आधी चोच बघते आणि मग कोंबडी सासूबाईंच्या हातात देते. त्या "हलकी आहे" म्हणाल्या तरच पुढचे बोलणे.